एम.ए.चा संशोधन सेमिनार वेळापत्रकात परत आणा : विद्यापीठाला खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
मा. अधिष्ठाता, मानव्यविद्या शाखा,
इतिहास अभ्यास मंडळाचे अध्यक्ष व सर्व सदस्य,
आणि पदव्युत्तर विभागांचे विभागप्रमुख यांस

विषय : एम.ए. द्वितीय वर्षाचा साप्ताहिक संशोधन सेमिनार बंद केल्याबाबत

सप्रेम नमस्कार.

या वर्षीच्या वेळापत्रकातून आपण तिसऱ्या आणि चौथ्या सत्राचा संशोधन सेमिनार काढून टाकला. दर शुक्रवारी दुपारी दोन तास तो व्हायचा. फलकावर लागलेल्या परिपत्रकात कारण एका ओळीत दिलं आहे : शिक्षकांच्या कार्यभारात (ठरलेल्या तासांत) बसत नाही, सबब विद्यार्थ्यांनी आपापल्या मार्गदर्शकांना 'वैयक्तिक स्तरावर' भेटून प्रकल्प, म्हणजे लघुप्रबंध, पूर्ण करावा. त्याच परिपत्रकाला मुखपृष्ठाचा नमुना, अक्षरांचा आकार, समासाचं माप आणि किमान पानसंख्या जोडली आहे. विषय कसा ठरवायचा, कच्चा मसुदा कोण वाचणार, अडलं तर कुठे जायचं, यातलं काही त्यात नाही.

मी याच विभागातून इतिहासात एम.ए. केलं. सेमिनार मिळालेल्या शेवटच्या तुकडीत मी होते. आता पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करते आहे. विभागप्रमुखांना भेटून झालं, आवक-जावकमध्ये अर्ज देऊन त्याची पोचही घेतली, पण उत्तर आलं नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. विद्यापीठाचं नाव मुद्दाम घालत नाही. राज्यातल्या इतर विद्यापीठांतल्या ज्या मित्रमैत्रिणींशी मी बोलले, त्यांनी हेच थोड्याफार फरकाने आपल्याकडेही चालतं असं सांगितलं.

सेमिनार गेल्याने काय गेलं, ते आधी नीट सांगायला हवं, कारण 'सेमिनार' म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर हारतुरे, बॅनर आणि दीपप्रज्वलनच येतं. आमच्या सेमिनारला यातलं काही नव्हतं. ज्याची पाळी असेल त्याने गुरुवारी आपल्या कच्च्या प्रकरणाच्या झेरॉक्स वाटायच्या. सगळ्यांनी त्या वाचून यायचं. सेमिनार घेणाऱ्या आमच्या बाईंचा एक नियम होता : पहिली वीस मिनिटं लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी सांगायचं, या प्रकरणात काय म्हटलंय असं आम्हाला वाटलं. आपण लिहिलेलं समोरच्याला कसं पोचलं, हे त्या वीस मिनिटांत निमूटपणे ऐकावं लागायचं. मग प्रश्न. शेवटी बाई कुठलीही एक तळटीप निवडून म्हणायच्या, "हे पुस्तक दाखव, हे पान काढ." ज्याने पुस्तक न उघडताच संदर्भ टाकला असेल, त्याची तिथेच पंचाईत व्हायची. पुढच्या वेळी तो पुस्तक घेऊनच यायचा.

माझा विषय होता १९७२च्या दुष्काळातली कामं आणि त्यांवरच्या बायकांची मजुरी. माझी आजी त्या कामांवर खडी फोडायला होती. सुकडी (कामावर मिळणारा पौष्टिक खाऊ), लाल मिलो (तेव्हाची परदेशी ज्वारी), पाझर तलावाची माती हे शब्द मी घरात लहानपणापासून ऐकलेले. माझं पहिलं प्रकरण सेमिनारमध्ये आलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "तुझी आजी मजुरीला जायची असं लिहिलंयस. पण मस्टरवर नाव कुणाचं होतं?" त्याचे वडील ग्रामपंचायतीत शिपाई. मस्टर म्हणजे कामावरच्या हजेरीचा आणि मजुरीचा कागद. तो त्याने घरी उलगडून पाहिलेला होता, आम्हा बाकीच्यांना तो कसा दिसतो हेही ठाऊक नव्हतं. रविवारी गावी जाऊन आजीला विचारलं. ती म्हणाली, "नाव तुझ्या आज्याचं. पैसं बी त्याच्याच हातात. मी निस्ती फोडायची."

पुढचा सगळा लघुप्रबंध या उत्तरावर उभा राहिला. मग गल्लीतल्या, शेजारच्या वाडीतल्या, तेव्हा कामावर असलेल्या बायांना तोच प्रश्न विचारत गेले. कुणाचं स्वतःचं नाव होतं, कुणाचा अंगठा होता पण रक्कम ठाऊक नव्हती, कुणाचं काम घरच्या टोळीच्या मापात जमा झालेलं. मग रोजगार हमीची सरकारी कागदपत्रं आणि पुढे १९७७ साली झालेला कायदा या बायांच्या बोलण्याशेजारी ठेवून वाचता आला. एकट्या मार्गदर्शकाच्या खोलीत हा प्रश्न मला मिळाला असता असं मला वाटत नाही. आमच्या बाई अतिशय चांगल्या होत्या, पण त्यांच्या घरात मस्टर कधी आलं नव्हतं. वेगवेगळ्या घरांतून, गावांतून आलेली पोरं एका कागदाभोवती बसतात तेव्हाच असे प्रश्न निघतात. आमच्यासारख्यांच्या विभागाची ही मोठी श्रीमंती आहे, आणि आपण ती वेळापत्रकातली रिकामी जागा समजून पुसून टाकलीत.

दुसरं उदाहरण नियोजनाचं. वर्गातल्या एकाने विषय घेतला होता 'महाराष्ट्रातील पारंपरिक जलव्यवस्थापन : एक ऐतिहासिक अभ्यास'. सातवाहनांपासून आजपर्यंतचा काळ आणि अख्खं राज्य. अशा शीर्षकांना आपल्याकडे सहज मंजुरी मिळते आणि मग पोरगं वर्षभर पुस्तकांतून उतारे उतरवत बसतं. सेमिनारमध्ये सलग दोन-तीन शुक्रवार त्याच्या आराखड्यावरच गेले. तुझं गाव कुठलं? नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणातलं, मोसम नदीकाठचं. तिथे फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घेण्याची जुनी रीत, आहे ना? आहे, थोडी उरलीय. मग राज्य सोड, एक बंधारा घे. पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला भेट, पाण्याची पाळी कशी ठरते ते बघ, कुठल्या फडात कुठलं पीक घ्यायचं हे कोण ठरवतं ते विचार, आणि पाटाच्या शेवटी ज्याची जमीन आहे त्याला आधी भेट, वरच्याला नंतर. शेवटी त्याचा विषय एका बंधाऱ्यापुरता आणि धरणं येण्याच्या आधीच्या-नंतरच्या काही दशकांपुरता राहिला. तो प्रबंध वाचताना मला माहीत नसलेलं काहीतरी कळत होतं. मोठ्या शीर्षकाच्या प्रबंधांत तसं क्वचितच होतं.

आता आपल्या धोरणाबद्दल. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्य शासनाने २०२३ साली पदव्युत्तर अभ्यासक्रमाची जी चौकट दिली, तिच्यात पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीला ४ क्रेडिट आहेत, तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाला ४ आणि चौथ्यात ६. म्हणजे प्रकल्पाचे एकूण १०. प्रात्यक्षिक कामाच्या एका क्रेडिटला ३० तास या हिशोबाने हे ३०० तास झाले. चौकट चांगली आहे, मी तिच्या बाजूची आहे. पण हे ३०० तास आपल्या वेळापत्रकात कुठे आहेत? परीक्षेच्या गुणपत्रिकेवर ते दिसतात, वर्गाच्या वेळापत्रकात दिसत नाहीत. शिवाय याच धोरणाने एम.फिल. बंद झालं आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या पीएचडी नियमांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. पूर्वी एम.ए.ला संशोधनाची सवय लागली नाही तर एम.फिल.मध्ये लागायची. आता एम.ए. करून पीएचडीला जाणाऱ्यांसाठी मधली पायरी म्हणून एम.ए.चा लघुप्रबंधच उरला, आणि नेमक्या याच वेळी आपण त्याचा आधार काढून घेतलात.

माझ्या तक्रारी अशा आहेत.

मार्गदर्शक हजेरी क्रमांकाने वाटले गेले. अमुक क्रमांकापासून तमुकपर्यंत हे सर, पुढे त्या मॅडम. गिरणी कामगारांवर लिहू पाहणारी मुलगी प्राचीन नाण्यांच्या अभ्यासकाकडे गेली आणि 'तुम्हाला झेपेल असा' दुसरा विषय घेऊन बाहेर आली. यात त्या सरांचा दोष नाही. त्यांनी आपल्याला येतं ते दिलं. दोष यादीचा आहे. आणि यादीत एकेका मार्गदर्शकाकडे वीस-वीस जण आहेत. पीएचडीसाठी आयोगाने मर्यादा घातली आहे : प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४. एम.ए.ला एवढी कडक मर्यादा कुणी मागत नाही, पण कुठलीच मर्यादा नसावी?

यातले बरेच मार्गदर्शक तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, तेही महिनोन्‌महिने उशिरा. लघुप्रबंध वाचण्याचा, त्यावर शेरे लिहिण्याचा तास त्यांच्या बिलात धरलाच जात नाही. एक सर दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात तास घ्यायला जातात आणि एसटीत बसून मुलांची प्रकरणं वाचतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. 'वैयक्तिक स्तरावर भेटा' असं परिपत्रकात लिहिताना ही माणसं कुठल्या वेळेत, कुठल्या खोलीत भेटणार, याचा विचार व्हायला हवा होता.

विषय मंजूर व्हायलाच तिसऱ्या सत्राचा निम्मा भाग निघून जातो. इतिहासाच्या, समाजशास्त्राच्या, लोकसाहित्याच्या विद्यार्थ्याला गावोगाव फिरायला मिळते ती उन्हाळ्याची सुट्टी. ती विषयाविना वाया जाते. मुंबई-पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहात, जायचं तर विभागाचं पत्र लागतं आणि त्या पत्रावर सही मिळेपर्यंत हातातल्या सुट्ट्या संपतात. ज्याचं घर मुंबईत आहे तो पुन्हा जाऊ शकतो. ज्याला रात्रीच्या गाडीने येऊन स्टेशनवर तोंड धुऊन तिथे पोचायचं आहे, त्याच्यासाठी ते एक पत्र फार मोठी गोष्ट असते.

मूल्यमापनाबद्दल जास्त लिहीत नाही. अख्ख्या तुकडीची तोंडी परीक्षा एका दुपारी उरकली गेली. 'विषय का निवडला' आणि 'निष्कर्ष काय' हे दोन प्रश्न झाले की पुढचा. काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरं, चार प्रती, सगळ्या सह्या जागेवर असल्या की काम झालं, हा निरोप मुलांपर्यंत बरोबर पोचतो.

साहित्यचौर्याच्या तपासणीबद्दल मात्र लिहायलाच हवं. आयोगाचे २०१८चे नियम दुसऱ्यांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड सांगत नाहीत, आणि मोजताना संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश वगळायला सांगतात. आपल्याकडे मुलांच्या हातात नुसता आकडा दिला जातो. त्यात काय वगळलं, काय धरलं, हे कुणी सांगत नाही. मग मुलं घाबरतात आणि दुसऱ्याच्या वाक्यातले शब्द फिरवायला लागतात. 'स्थापना केली'चं 'पाया घातला' करायचं, अवतरणचिन्हं काढून टाकायची आणि खालची तळटीपही उडवायची, म्हणजे आकडा खाली येतो. प्रामाणिकपणे अवतरण देणाऱ्याचा आकडा वाढतो, शब्द फिरवणाऱ्याचा घटतो. आता तर मोबाईलवर विषय टाकला की अख्खं प्रकरण लिहून मिळतं आणि विद्यापीठाच्या रस्त्यावरच्या डीटीपीच्या दुकानांत तयार प्रकल्प नाव बदलून मिळतो. हे थांबवायचं तर ज्याने तुमचे तीन कच्चे मसुदे वाचलेत, तुमचं वाक्य कसं असतं हे ज्याला माहीत आहे, असा माणूस लागतो. सेमिनारमध्ये अशी दहा-पंधरा माणसं होती.

सेमिनार नसताना काय होतं ते मला या वर्षी रोज दिसतं आहे. धाकट्या तुकडीतली मुलं रात्री फाईल पाठवतात. "ताई, एकदा बघाल का? सरांना वेळ नाहीये." एकीने विचारलं, "गृहीतक म्हणजे नक्की काय लिहायचं असतं? तीन लिहा एवढंच सांगितलंय." तिच्या पूर्वसाहित्याच्या आढाव्यात पुस्तकांची नावं होती आणि प्रत्येकाखाली मलपृष्ठावरचा मजकूर. मुलगी हुशार आहे. शेतमजुराच्या घरातली, घरात पहिलीच पदवीधर. आढावा म्हणजे या पुस्तकांनी काय सांगितलं, कशावर ते एकमेकांशी भांडतात आणि कुठला प्रश्न सुटून गेला, एवढं एकदा समोर बसून बोलल्यावर तिने दोन आठवड्यांत तो पुन्हा लिहिला, आणि फार चांगला लिहिला. मी जमेल तेवढं वाचते आणि वाचत राहीन. पण मी त्यांची मार्गदर्शक नाही, माझं शिक्षणही अजून चालू आहे. ज्यांच्या ओळखीत असं वाचणारं कुणी नाही, त्या मुलांनी काय करायचं?

ज्यांच्या घरात पुस्तकं आहेत, भाऊ-बहीण प्राध्यापक आहेत, त्यांना सेमिनार नसला तरी चालतं. त्यांचं प्रकरण घरात वाचलं जातं. सेमिनार बंद झाल्याचा फटका इतरांना बसतो, आणि आपल्या विभागात ते इतरच बहुसंख्य आहेत. मला या निर्णयातलं सर्वांत जास्त खुपलं ते हेच.

कार्यभाराचं कारण मी टाळत नाही. पदं रिक्त आहेत, भरती वर्षानुवर्षं रखडते, आहेत त्या शिक्षकांवर परीक्षा, समित्या आणि नॅकच्या दर्जा-मूल्यांकनाची कागदपत्रं लादली जातात, हे सगळं खरं आहे. पण हिशोब करून पाहा. एका मार्गदर्शकाकडे २० विद्यार्थी असतील आणि प्रत्येकाला पंधरा दिवसांतून अर्धा तास द्यायचा म्हटला, तर १० तास लागतात. त्याच पंधरवड्यात सेमिनारचे तास होतात ४. तळटीप कशी द्यायची, मुलाखत कशी नोंदवायची, विषय कसा आवळायचा, हे वीस वेळा सांगण्याऐवजी एकदा सांगून होतं. उरलेल्या वेळात ज्याला खरंच गरज आहे त्याला एकट्याने भेटता येतं. शिक्षक कमी असतील तर सेमिनारची गरज आणखी वाढते.

आमच्या मागण्या या आहेत. 'आमच्या' म्हणते, कारण सध्याच्या तुकडीतल्या आणि आधीच्या तुकड्यांतल्या अनेकांशी बोलून त्या लिहिल्या आहेत.

१. तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात दर आठवड्याला दोन तासांचा संशोधन सेमिनार वेळापत्रकात परत घ्यावा आणि तो शिक्षकांच्या कार्यभारात धरावा.

२. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना सेमिनारचे आणि लघुप्रबंध मार्गदर्शनाचे तास मानधनासह मोजून द्यावेत.

३. मार्गदर्शक विषयानुसार ठरावेत. एका मार्गदर्शकाकडे जास्तीत जास्त किती विद्यार्थी, हा आकडा अभ्यास मंडळाने ठरवून जाहीर करावा.

४. विषयाची निवड आणि आराखडा दुसऱ्या सत्राच्या अखेरीस मंजूर व्हावा. पुराभिलेखागार, ग्रंथालयं आणि सरकारी कार्यालयांसाठीचं पत्र मंजुरीबरोबरच हातात मिळावं.

५. प्रत्येक विद्यार्थ्याची किमान दोन प्रकरणं सेमिनारमध्ये वाचली जावीत आणि त्यांवरचे तारीखवार लेखी शेरे अंतिम प्रतीसोबत परीक्षकांपुढे ठेवावेत. अंतर्गत गुणांत या कामाला वाटा असावा. तोंडी परीक्षा प्रत्येकी किमान वीस मिनिटांची असावी.

६. साम्य तपासणीचा अहवाल पूर्ण द्यावा, नियमांत वगळायला सांगितलेला मजकूर वगळूनच टक्केवारी काढावी आणि किमान पानसंख्येची अट रद्द करावी.

७. लघुप्रबंधांची एक प्रत विभागाच्या ग्रंथालयात सूचीसह वाचायला ठेवावी. पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा' या ऑनलाइन संग्रहावर जातात, एम.ए.चे मात्र गठ्ठे बांधून कोठीत पडतात. मोसमकाठच्या त्या बंधाऱ्यावर पुढे कुणाला काम करायचं असेल तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये.

यातल्या पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या मागणीला एक रुपयाही जास्तीचा लागत नाही. त्या आपण पुढच्या बैठकीतच मान्य करू शकता. दुसऱ्या मागणीसाठी शासनाकडे जावं लागणार असेल, तर तसा प्रस्ताव कधी पाठवला ते आम्हाला कळवावं. आम्हीही सोबत पाठपुरावा करू.

सध्याच्या तुकडीचे आराखडे दिवाळीच्या सुट्टीनंतर जमा व्हायचे आहेत. त्याआधी आपण लेखी उत्तर द्यावं, ते विभागाच्या फलकावर लावावं, आणि सेमिनार या वर्षीच सुरू करता येणार असेल तर त्याचा वार आणि खोली त्यातच जाहीर करावी. कुठली मागणी मान्य नसेल तर तीही कारणासह कळवावी.

कळावे,
आपल्या विभागाची एक माजी विद्यार्थिनी